परदेशातल्या घरांपर्यंत मराठी धम्मग्रंथ कसे पोहोचवायचे?

ताई, सप्रेम जय भीम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतली तुम्ही काही मराठी बौद्ध कुटुंबे महिन्यातून एकदा जमता. वंदनेच्या पुस्तिका आईवडिलांनी येताना बॅगेत घालून आणलेल्या. आता त्यांची पाने सुटायला आली आहेत. मुलांना मराठी समजते, मोडकीतोडकी बोलताही येते, पण देवनागरी वाचता येत नाही. तुमच्यातल्या एका दादांनी खपून चाळीसेक पुस्तके स्कॅन केली आणि सगळ्यांसाठी ऑनलाइन ठेवली, पण ती फारशी कुणी उघडत नाही. आता ॲप काढावे का, संकेतस्थळ काढावे का, खर्च किती येईल, आणि कायद्याने यातले काय चालते, हे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे मराठी आणि पाली ग्रंथांच्या डिजिटल आवृत्त्या तयार करण्याचे काम करतो. परदेशातल्या मंडळांसाठीही केले आहे. त्या आधारावर सविस्तर लिहितो.

ॲपचा विचार आज सोडून द्या. तुमच्या लोकांच्या तोंडी जे आधीपासून आहे, म्हणजे दर महिन्याला तुम्ही जे म्हणता, ते आधी हाती घ्या. तेवढाच मजकूर निर्दोष, क्रमांक घातलेला, पाली, मराठी आणि इंग्रजी अशा तीन पट्ट्यांत मांडलेला आणि ऐकता येईल असा करा. तो वीस-पंचवीस पानांच्या वर जाणार नाही. चाळीस पुस्तकांच्या स्कॅनपेक्षा ही वीस पाने तुमच्या मुलांना धम्माच्या जास्त जवळ नेतील, असे मी अनुभवाने आणि ठामपणे सांगतो.

दादांच्या कष्टाला कमी लेखू नका. स्कॅन हवेच असतात, कारण पुढे प्रत्येक ओळ त्यांच्याशीच ताडून पाहायची आहे. पण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. फोनवर तो वाचायचा तर बोटाने डावीउजवीकडे सरकवत बसावे लागते, आणि सत्तरीतल्या आजोबांना ते जमत नाही. अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. त्यात शब्द शोधता येत नाही, नजर अधू असलेल्यांसाठी फोन तो मोठ्याने वाचून दाखवू शकत नाही, आणि तुमच्या मुलांसाठी तो रोमन लिपीत बदलताही येत नाही. तीनशे पानांचे स्कॅन सहज शंभर एमबीच्या पुढे जाते. तेच पुस्तक युनिकोड मजकूर म्हणून, म्हणजे कोणत्याही फोनवर वाचता आणि शोधता येईल अशा टाइप केलेल्या अक्षरांत, दोन एमबीच्या आत बसते. आखातात काम करणारी आपली मुले एकेका खोलीत पाच-सहा जण राहतात. जवळपास विहार नसतो, डेटा मोजून वापरायचा असतो. त्यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

आधी काय घ्यायचे ते सांगतो. त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा, त्रिरत्न वंदना, महामंगल सुत्त, करणीयमेत्त सुत्त, रतन सुत्त, धम्मपालन गाथा आणि बावीस प्रतिज्ञा. बाबासाहेबांनी स्वतः तयार केलेला बौद्ध पूजापाठ महाराष्ट्र शासनाच्या ‘लेखन आणि भाषणे’ मालेच्या १६ व्या खंडात पाली व्याकरण आणि शब्दकोशासोबत छापलेला आहे. पाया म्हणून तोच धरा, म्हणजे नागपूरकर आणि मुंबईकर यांच्या पुस्तिकांतल्या फरकावरून वाद होणार नाही.

याला जोडून एक गोष्ट करा जी बहुतेक मंडळे विसरतात: नामकरण, विवाह आणि अंत्यविधी-पुण्यानुमोदन (दिवंगताला पुण्य अर्पण करणे) यांचे विधी. परदेशात एखाद्या घरात रात्री माणूस जातो. भंते दुसऱ्या राज्यात, बौद्धाचार्य भारतात. सकाळी फ्युनरल होममध्ये अर्धा तास मिळणार असतो, आणि मुलगा फोनवर शोधत बसतो की काय म्हणायचे, कोणत्या क्रमाने म्हणायचे. त्याला व्हिडिओ सापडतात, त्यांत आधी पाच मिनिटे प्रास्ताविक असते. अशा वेळी एक पान उघडले पाहिजे, मोठ्या अक्षरात, क्रमवार, पालीखाली रोमन आणि बाजूला अर्थ. नेट नसले तरी उघडले पाहिजे. तुमच्या सगळ्या प्रकल्पातून एवढे एकच पान तयार झाले तरी त्याने लोकांचे मोठे काम होईल.

त्यानंतर बाबासाहेबांचा ग्रंथ. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन करण्याची आपल्याकडची रीत तुमच्या आईवडिलांना पाठ आहे. तीच रीत परदेशात फोनवर नेता येते, आणि त्यासाठी हा ग्रंथ फारच सोयीचा आहे. का, ते पुढे सांगतो. आधी हक्कांचा विषय, कारण इथे चांगल्या हेतूने काम करणारी मंडळे अडकतात.

पाली मूळ वचनांवर कुणाचा हक्क नाही. भाषांतरावर मात्र भाषांतरकाराचा स्वतंत्र हक्क असतो, मूळ ग्रंथ कितीही जुना असो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हा हक्क टिकतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ ला झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन भारतात १ जानेवारी २०१७ पासून खुले आहे. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे इंग्रजी मूळ, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’, १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात निघाले. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात, म्हणून ते भारतात २०१८ पासून खुले धरायचे. पण त्याचे मराठी भाषांतर घनःश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांचे आहे. एकाहून अधिक भाषांतरकार असले की शेवटच्या भाषांतरकाराच्या मृत्यूपासून मोजणी होते. हिंदी भाषांतर भदन्त आनंद कौसल्यायन यांचे. ते १९८८ मध्ये गेले, म्हणजे भारतात २०४८ अखेरपर्यंत त्यावर हक्क आहे. दुर्गाबाई भागवतांनी जातकांचे मराठी भाषांतर ‘सिद्धार्थ जातक’ म्हणून सात खंडांत केले. दुर्गाबाई २००२ मध्ये गेल्या, म्हणून ते २०६२ अखेरपर्यंत परवानगीशिवाय ऑनलाइन ठेवता येणार नाही. दादांच्या चाळीस पुस्तकांत यांपैकी काही असतील, तर ती सर्वांना खुली असलेली लिंक आजच बंद करा. स्कॅन हटवू नका, फक्त खुले ठेवू नका.

तुम्ही अमेरिकेत आहात, म्हणून हिशोब आणखी बदलतो. १९७८ पूर्वी परदेशात प्रसिद्ध झालेल्या ज्या पुस्तकाचे हक्क १ जानेवारी १९९६ ला त्याच्या मायदेशात शिल्लक होते, त्याला अमेरिकेत साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षे संरक्षण आहे. याचा परिणाम कसा होतो ते धर्मानंद कोसंबींवरून बघा. गोव्यातल्या साखवाळात १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाला, सिलोनला जाऊन पाली शिकला आणि पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम करून आला. मराठीत बुद्धवचन आणण्याचे त्यांचे ऋण आपल्यावर फार मोठे आहे. ते जून १९४७ मध्ये सेवाग्रामला गेले, म्हणून हयातीत प्रसिद्ध झालेली त्यांची पुस्तके भारतात २००८ पासून खुली आहेत. पण १९४०-४१ मध्ये निघालेला त्यांचा ‘भगवान बुद्ध’ अमेरिकेत २०३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत संरक्षित राहतो. १९१४ चा ‘बुद्धलीलासारसंग्रह’ मात्र दोन्हीकडे खुला आहे. जातककथा, बुद्धचरित्र आणि उपदेश एकाच पुस्तकात, आणि तेही मराठीत. बाबासाहेबांच्या ग्रंथाच्या मराठी भाषांतराची परवानगी येईपर्यंत तुमच्यासारख्या मंडळाने वंदनेनंतर हेच पुस्तक घ्यावे, असे मी सुचवेन. मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड मुक्त ग्रंथालयावर, काही ठेवणार असाल तर तिथेही हाच नियम आड येतो, कारण ते सर्व्हर अमेरिकन कायद्याखाली चालतात. ब्रिटनमधल्या मंडळींचे थोडे सोपे आहे. भारतीय लेखकाच्या भारतात प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाला तिथे सहसा भारतातल्या मुदतीइतकेच संरक्षण मिळते. तरीही सार्वजनिक करण्याआधी आपल्यातल्या एखाद्या वकिलाकडून यादी तपासून घ्या. प्रत्येक शहरात आपला एखादा वकील असतोच.

बाबासाहेबांचा मूळ इंग्रजी ग्रंथ तर तुम्हाला उतरवून घेण्याचीही गरज नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रा. फ्रान्सेस प्रिचेट यांनी त्याची परिच्छेद क्रमांकांसह मांडणी केलेली आहे. तुमच्या पानावरून तिथे दुवा द्या. दुवा द्यायला परवानगी लागत नाही.

जिथे परवानगी लागते तिथे मागा. लोक मागायलाच घाबरतात. माझा अनुभव असा की भाषांतरकाराच्या घरच्यांना नीट पत्र गेले की बहुतेकांना आनंदच होतो; त्यांच्या वडिलांचे किंवा आईचे काम कुणीतरी जपतो आहे, हे त्यांना कळते. पत्रात मोघम ‘ऑनलाइन ठेवू का’ असे विचारू नका. युनिकोड मजकूर, रोमन लिप्यंतर आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींची वेगवेगळी परवानगी मागा. विक्री करणार नाही, नाव पहिल्या पानावर राहील, शब्दही बदलणार नाही, आणि हक्क तुमचेच राहतील, हे लिहा. लेखी उत्तर घ्या आणि त्याची प्रत प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण कार्यकर्ते बदलतात. वंदनेच्या पुस्तिकांतही लक्ष असू द्या. गाथा प्राचीन असल्या तरी त्यांच्या खालचा मराठी अर्थ कुणीतरी लिहिलेला असतो. भीमस्तुतीसारख्या रचना तर आधुनिक आहेत. रचनाकाराचे नाव सापडेपर्यंत त्या खासगी प्रतीत राहू द्या.

आता मजकूर तयार करण्याकडे वळू. या कामात घाम इथेच गळतो.

तुम्हाला मजकूर दोन वाटांनी मिळेल. पहिली वाट छापखान्याची फाइल. नागपूर-पुण्याच्या प्रकाशकाने प्रेमाने फाइल पाठवली तरी ती बहुधा श्रीलिपी, आकृती, एपीएस किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते. तुमच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. ती बिघडलेली नाही; कन्व्हर्टरमधून काढली की युनिकोड मिळते. मात्र पहिली वेलांटी आणि रफार हमखास सरकतात, आणि पालीतली जोडाक्षरे, विशेषतः ञ्ञ, ट्ठ, ङ्ग, तुटतात. दुसरी वाट ओसीआरची, म्हणजे स्कॅनवरून यंत्राने अक्षरे ओळखण्याची. मराठीसाठी मोफत साधने आहेत आणि स्वच्छ छपाईवर ती बरी चालतात. जुन्या, शाई पसरलेल्या पानावर मात्र ती ध आणि घ, भ आणि म, व आणि ब यांत फसतात.

याचा आपल्या मजकुरावर होणारा परिणाम डोळ्यांसमोर आणा: ‘धम्म’चे ‘घम्म’ होते, ‘भिक्खु’चे ‘मिक्खु’. शुद्धलेखन तपासणारे यंत्र पाली ओळखत नसल्याने ते दोन्हींखाली तांबडी रेघ मारते, आणि बरोबर शब्द आणि चुकीचा शब्द सारखेच दिसू लागतात. यावर माझा इलाज साधा आहे. पूर्ण मजकुरातून वेगवेगळ्या शब्दांची यादी काढायची, किती वेळा आला त्या क्रमाने लावायची, आणि एक-दोनदाच आलेले शब्द माणसाने वाचायचे. ‘घम्म’ असल्या चुका त्या यादीच्या शेपटाला आपोआप सापडतात. मग पानागणिक मुद्रितशोधन: एकाने स्कॅन बघून मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर बोट फिरवायचे. निवृत्त शिक्षक या कामाला सोन्यासारखे असतात. नागपुरातली आजी आणि न्यू जर्सीतला नातू अशी जोडी व्हिडिओ कॉलवर हे काम छान करते, आणि नातू त्यात देवनागरी शिकतो ते वेगळेच.

स्पेलिंगची एकवाक्यता आधी ठरवा. ‘सम्मासम्बुद्धस्स’, ‘सम्मासंबुद्धस्स’ आणि ‘सम्मा सम्बुद्धस्स’ ही तिन्ही रूपे आपल्या पुस्तिकांत सापडतात. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छठ्ठ संगायनाचे (सहाव्या धम्मसंगीतीचे) त्रिपिटक देवनागरीसह अनेक लिप्यांत ऑनलाइन ठेवले आहे. त्यात परसवर्णाची रूपे आहेत, म्हणजे अनुस्वाराच्या टिंबाऐवजी ङ्, ञ्, न् यांसारखे अक्षर, जसे ‘मनोपुब्बङ्गमा’. आपल्या पुस्तिकांत ‘मनोपुब्बंगमा’. वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही, पण शोध घेणाऱ्या यंत्रासाठी हे दोन निराळे शब्द आहेत. पडद्यावर आपल्या लोकांना सवयीचे रूप ठेवा, आणि शोधयंत्रणेला सांगा की ङ्, ञ्, ण्, न्, म् आणि अनुस्वार हे शोधताना एकच समजायचे. कोसंबींच्या पिढीच्या मराठीतही हेच करावे लागते. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘त्यांनीं’, ‘झालें’ हे लेखन १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर मागे पडले. पुस्तकाचा मजकूर मी कधीही आधुनिक करत नाही, तो जसा छापला तसाच राहावा. पण ‘नाव’ शोधणाऱ्याला ‘नांव’ सापडलेच पाहिजे, आणि ही सोय शोधात करता येते. ‘दुसऱ्या’तला ऱ्य सुद्धा दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसतो एकच. सगळा मजकूर एका पद्धतीवर आणून घ्या.

बाबासाहेबांचा ग्रंथ फोनवर नेण्यास सोयीचा का, हे मघाशी राखून ठेवले होते. त्याचे कारण क्रमांक. मला विचाराल तर मजकुराला क्रमांक घालणे हा या सगळ्या कामाचा कणा आहे. बाबासाहेबांनी आपला ग्रंथ आठ खंडांत, खंडाचे भाग, भागाचे पोटविभाग आणि त्यांत एक-दोन वाक्यांचे क्रमांकित परिच्छेद असा रचला. धर्मग्रंथ म्हणून हाताशी ठेवायचा ग्रंथ असाच लागतो. भाषांतरांतही ती चौकट आहे. त्यामुळे खंड, भाग, विभाग आणि परिच्छेद असा चार आकड्यांचा पत्ता लिहिला की मराठी, हिंदी आणि इंग्रजी एका रेषेत उभे राहतात. आजी मराठीत वाचते, नात त्याच आकड्यावर इंग्रजी उघडते, चर्चा एकाच वाक्यावर होते. पानांच्या आकड्यांनी हे कधीच साधत नाही, कारण प्रत्येक आवृत्तीत पाने बदलतात. मात्र तुमच्या हातातल्या दोन आवृत्त्यांचे क्रमांक खरोखर जुळतात का, हे गृहीत धरू नका, विभागागणिक ताडून बघा. कौसल्यायनजींनी हिंदी आवृत्तीसाठी मूळ पाली संदर्भ शोधून दिले, त्यामुळे पुढे एखाद्या अभ्यासू मुलाला त्या परिच्छेदावरून थेट सुत्तापर्यंत जाता येते.

पाली गाथांसाठीही तयार क्रमांक आहेत. धम्मपदाच्या ४२३ गाथा जगभर त्याच आकड्यांनी ओळखल्या जातात. सुत्तनिपातात करणीयमेत्त सुत्ताच्या दहा गाथा १४३ ते १५२, महामंगल सुत्ताच्या २५८ ते २६९. इंग्रजी पट्टी कुठून आणायची, याचे उत्तर सुत्तसेंट्रल हे बौद्ध सुत्तांचे संकेतस्थळ. तिथे प्रत्येक सुत्त छोट्या तुकड्यांत कापून प्रत्येक तुकड्याला पत्ता दिलेला आहे, आणि भिक्खू सुजातो यांची इंग्रजी भाषांतरे त्यांनी सगळे हक्क सोडून लोकांना दिली आहेत. ती परवानगीशिवाय वापरता येतात, तरी नाव द्या. मराठीत असे दान करणारे भाषांतरकार आपल्याला हवे आहेत. नव्याने भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगतो.

तर पहिली पट्टी पाली, दुसरी मराठी, तिसरी इंग्रजी. पाली देवनागरीतून रोमनमध्ये यंत्राने बिनचूक जाते, कारण पालीत लिहिलेला प्रत्येक स्वर उच्चारला जातो. अक्षरमुख नावाचे मोफत साधन यासाठी उत्तम आहे. मराठीचे तसे नाही. आपण ‘नमन’ म्हणताना शेवटचा अ गिळतो, यंत्र तो लिहून मोकळे होते, आणि मूल ‘नमना’ वाचते. म्हणून मराठी अर्थ रोमनमध्ये द्यायचाच असेल तर तो हाताने तपासा. मी स्वतः मुलांसाठी पाली रोमनमध्ये आणि अर्थ इंग्रजीत ठेवतो, आणि मराठी कानावर पडू देतो. अक्षरांवर टिंब-रेघा असलेली शास्त्रीय रोमन लिपी सात वर्षांच्या मुलाला नको. पण दीर्घ स्वर कळला पाहिजे, तेवढी एक खूण ठेवा. ब्रिटनमध्ये वूल्व्हरहॅम्प्टन-बर्मिंगहॅमकडे पंजाबी आंबेडकरी बौद्ध कुटुंबे बरीच आहेत. त्यांच्यासाठी हीच पाली फाइल गुरुमुखीत नेता येते. एकदा स्वच्छ मजकूर झाला की त्याचा असा उपयोग वाढत जातो.

फोनवर पाली कशी दिसते, तेही बघा. पाचवे शील घ्या: ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी सिक्खापदं समादियामि’. मोठ्या अक्षरात पहिला शब्द फोनच्या पडद्यात मावत नाही. तो बाहेर जातो किंवा भलत्याच ठिकाणी तुटतो, आणि नेमके तिथेच मूल अडखळते. ‘सुरा-मेरय-मज्ज-पमादट्ठाना’ असे तोडून दाखवा. वेबपानावर न दिसणारी तोडण्याची खूण घालता येते, म्हणजे मोठ्या पडद्यावर शब्द अखंड आणि फोनवर योग्य जागी मोडलेला. प्रत्येक पट्टीला तिची भाषा कोडमध्ये नेमून द्या: मराठी, पाली, इंग्रजी. त्याने दोन गोष्टी होतात. नजर अधू असलेल्यांसाठी वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर योग्य आवाज निवडते, आणि नोटो देवनागरीसारखा फॉन्ट ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी आपल्या मराठी वळणाने काढतो. ज्येष्ठांना ते लगेच ओळखू येते.

आवाजाच्या बाबतीत यंत्रावर विसंबू नका. मराठी बोलणारे यंत्र पाली शब्दांचे शेवटचे स्वर खाते. तुमच्याच मंडळातल्या आवाजात वंदना मुद्रित करा, तुमच्याच चालीत. विदर्भातली चाल वेगळी, मुंबईतली वेगळी, आणि मुलांनी आजीबरोबर म्हणायचे आहे. शांत खोली, साधा मायक्रोफोन, गालिचा आणि पडदे असले की पुरते. प्रत्येक ओळ दोनदा: एकदा सावकाश, एकदा नेहमीच्या गतीने. एका आवाजातले साधे बोलणे एका मिनिटाला साधारण अर्ध्या एमबीत बसते, म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवायलाही हरकत नाही. ज्यांचा आवाज आहे त्यांची लेखी संमती घ्या. लहान मुलांचा आवाज असेल तर आईवडिलांची घ्या आणि मुलाचे नाव घालू नका.

पोहोचवण्याचे तंत्र सोपे आहे. मजकुराची एक मूळ फाइल, तिच्यापासून साधे वेबपान, ईपब (फोनवर वाचायच्या ई-पुस्तकाची फाइल) आणि छापण्यासाठी पीडीएफ. तिन्ही त्या एकाच फाइलमधून निघाली पाहिजेत, नाहीतर एका ठिकाणी सुधारलेली चूक दुसऱ्या ठिकाणी राहते. पानाला डेटाबेस नको, लॉगिन नको, जाहिरात तर नकोच. एकदा उघडलेले पान नेट नसताना चालेल अशी सोय करून घ्या. वार्षिक खर्च डोमेनच्या नावापुरताच येतो. ॲप केले की दरवर्षी ते दुरुस्त करायला माणूस लागतो, आणि तो माणूस नोकरी बदलली की हाताशी राहत नाही. प्रत्येक फाइलवर आवृत्तीची तारीख आणि आधार धरलेल्या छापील आवृत्तीचे वर्ष लिहा.

पालीच्या अंतिम तपासणीसाठी पाली जाणणारे भंते किंवा प्राध्यापक गाठा. पुणे, मुंबई आणि नागपूर इथल्या विद्यापीठांत पाली शिकवली जाते. वीस पानांसाठी कुणी नाही म्हणत नाही. चाळीस पुस्तकांसाठी कुणीच हो म्हणणार नाही. सुधारणा कळवायला पानाच्या तळाशी एक पत्ता ठेवा आणि आलेली प्रत्येक सूचना छापील प्रतीशी ताडून मगच घ्या, कारण पाठ असलेली ओळ आणि छापलेली ओळ यांत लोकांची गल्लत होते.

कामाचा क्रम असा ठेवा. पुढच्या महिन्याच्या बैठकीत तुम्ही प्रत्यक्ष जे म्हणता ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत फोनवर मुद्रित करून घ्या आणि कोणती पुस्तिका कुणाच्या हातात होती ते लिहून ठेवा. त्यावरून यादी निघेल. त्रिशरण-पंचशील आणि पुण्यानुमोदनाचे पान आधी पूर्ण करा, आणि ज्या घरांत देवनागरी न वाचणारी मुले आहेत अशा तीन-चार घरांत ते वापरून बघा. मूल कुठे अडते ते आईला विचारू नका, शेजारी बसून बघा. वर्षावासाला सहा महिने राहिले असतील, तर तोपर्यंत मराठी भाषांतराच्या परवानगीचे पत्र गेलेले असावे. तोवर ग्रंथ छापील प्रतीतून वाचा आणि मुलांना इंग्रजीचा दुवा त्याच परिच्छेद क्रमांकाने द्या. दादांना सांगा, स्कॅनच्या मूळ फाइली दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा आणि प्रत्येक पुस्तकाचे प्रकाशन वर्ष, प्रकाशक आणि भाषांतरकाराचे नाव एका तक्त्यात भरा. तो तक्ता झाला की मला पाठवा. कोणते पुस्तक आज घेता येईल आणि कोणत्यासाठी थांबावे लागेल, हे मी त्यावर खुणा करून कळवतो.